शेणाचे घर, मेणाचे घर : वाशीमच्या गोठ्यातील हसू

मराठी भाषेत प्राण्यांच्या विष्ठेला एकच एक नाव नाही. गाईम्हशींचे ते शेण, घोड्यागाढवांची लीद, शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या, पाखरांची शीट, आणि माणूस, कुत्रे व मांजर यांचा तेवढा गू, अशी तिची वाटणी झालेली आहे. शेणाचीही पुन्हा रूपे आहेत : ढोराने जागच्या जागी टाकलेला 'पो', थापून वाळवलेली गोवरी, रानात पडल्या जागी वाळलेली रानगोवरी, उकिरड्यावर कुजून झालेले शेणखत. हे शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत. प्रत्येकामागे वेगळा उपयोग, वेगळी किंमत आणि शुद्धाशुद्धतेची वेगळी कल्पना आहे. गाईचे शेण पंचगव्यात, म्हणजे दूध, दही, तूप, गोमूत्र व शेण या पाच पावन मानलेल्या द्रव्यांत मोडते, तर गू या शब्दाचा नुसता उच्चारही चारचौघांत वर्ज्य ठरतो. पाळीव जनावरांच्या ज्या गोष्टी मराठी मुलांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या त्यांतील देहविनोद, म्हणजे पोट, पादणे, हगणे, शेपूट व बूड यांवरून निघणारे हसू, याच सीमारेषेवर उभे राहिलेले आहे. आणि छापील पुस्तकांनी या विनोदातले काय ठेवले व काय झाडून टाकले, हेही याच रेषेवरून उलगडते.

वाशीम हा या विषयासाठी योग्य मुलूख आहे. वऱ्हाडचे पूर्वी दोन भाग मानले जात : पूर्णा नदीच्या खोऱ्यातील सखल पायनघाट आणि दक्षिणेकडील अजिंठ्याच्या डोंगररांगांवरचा बालाघाट. वाशीम या बालाघाटच्या पठारावर वसलेले आहे. १८५३मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिल्यानंतर 'बासिम' हा काही काळ स्वतंत्र जिल्हा होता. १९०५मध्ये तो अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांचा जिल्हा म्हणून पुन्हा वेगळा निघाला. या सर्व राजवटींत गावाचा दिवस मात्र ढोरांनी सुरू होत असे. सकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, म्हणजे 'आखरा'वर, घरोघरची जनावरे गोळा व्हायची, 'गायकी' म्हणजे गावाचा गुराखी ती रानात हाकून न्यायचा, आणि त्यांच्या मागे टोपल्या घेऊन शेण वेचणारी पोट्टी, म्हणजे लहान मुले, धावायची. ज्या मुलाच्या हाताला शेणाचा ओलेपणा, ऊब आणि वास ठाऊक आहे, त्याला गोष्टीतले शेण किळसवाणे वाटण्याचे कारण नव्हते. त्याला त्यातली गंमत तेवढी दिसत असे.

याच वाशीमला साहित्यशास्त्राच्या इतिहासात मात्र अगदी निराळ्या कारणासाठी मान आहे. प्राचीन वत्सगुल्म ते हेच. वाकाटकांच्या दोन शाखांपैकी एकीची ही राजधानी होती, आणि त्या शाखेचा संस्थापक सर्वसेन याने प्राकृतात 'हरिविजय' हे काव्य रचले होते. राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह वत्सगुल्मात लागतो, आणि त्याच्याच 'कर्पूरमंजरी'त वैदर्भी रीतीला, म्हणजे गोड, सुबोध व निर्दोष मानलेल्या काव्यशैलीला, या नगराच्या नावावरून 'वच्छोमी' म्हटले आहे. निर्मळ शैलीचे माहेर म्हणून ज्या गावाचा लौकिक, त्याच्या गोठ्यात शेणाच्या गोष्टी सांगितल्या जाव्यात, यात विसंगती वाटू शकेल. पण निर्मळपणाचे शास्त्र रचणाऱ्या पंडितांनीही देहाकडे पाठ फिरवलेली नव्हती. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त अश्लील या दोषाचे तीन प्रकार केले : लाज आणणारे, किळस आणणारे आणि अमंगल सुचवणारे. किळसेच्या उदाहरणात त्याने 'वायू' या निरुपद्रवी शब्दावर बोट ठेवले, कारण त्यातून अपानवायूचा, म्हणजे पादण्याचा, अर्थ डोकावतो. शब्दांची इतकी बारकाईने झाडाझडती घेणाऱ्या पंडिताचा कान या बाबतीत खेड्यातल्या पोट्ट्यांइतकाच तिखट होता, असे म्हणावे लागते. फरक एवढाच, की पोट्टी हसत आणि पंडित दोषांची यादी वाढवत. भरताच्या 'नाट्यशास्त्रा'त हास्याचे सहा प्रकार सांगून त्यांपैकी शेवटचे दोन, अपहसित व अतिहसित, हे अधम पात्रांना वाटून दिले आहेत. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, कुशी धरून हसणे ते हेच, आणि मुले नेमकी असेच हसतात.

संस्कृतातील प्राणिकथांचा हात या बाबतीत शास्त्रकारांपेक्षा बराच सैल होता. 'पंचतंत्रा'च्या पहिल्या तंत्राची सारी गुंतागुंत संजीवक नावाच्या बैलापासून सुरू होते : व्यापाऱ्याने वाटेत सोडून दिलेला हा बैल नदीकाठचा चारा खाऊन माजतो आणि त्याच्या नुसत्या डरकाळीने सिंहाची पाचावर धारण बसते. दुसऱ्या तंत्रात तीक्ष्णविषाण नावाच्या बैलाची कथा येते. त्याचे लोंबणारे वृषण आता गळून पडतील, मग पडतील, या आशेने एक कोल्हा बायकोच्या आग्रहाखातर वर्षानुवर्षे त्याच्या मागे फिरतो आणि शेवटी उपाशीच परततो. गाईगुरांत वाढलेल्या कोणालाही या कथेतला विनोद समजावून सांगावा लागत नाही, कारण बैलाच्या मागून चालणाऱ्याला दिवसभर दिसते ते हेच. लाकडाच्या फटीतली पाचर उपटणाऱ्या माकडाची कथा तर मराठी घराघरांत पोहोचलेली आहे. मूळ कथेत त्या फटीत माकडाचे वृषण चिरडतात. मराठी मुलांसाठी निघालेल्या बहुतेक पुस्तकांत मात्र तेथे शेपूट अडकते. हा बदल लहान दिसतो, पण त्याने कथेचा अर्थ बदलतो : वृषण गमावणाऱ्या माकडाची चूक भरून न येणारी असते, तर शेपटीचे दुखणे चार दिवसांत बरे होते. शालीनतेसाठी केलेल्या दुरुस्तीने येथे शिक्षा सौम्य केली, हे ती करणाऱ्यांच्या लक्षात आले असेल असे दिसत नाही.

मराठीतील सर्वांत जुनी बालकथा म्हणून जिचा उल्लेख नेहमी केला जातो, तिचा आरंभच शेणापासून होतो. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणींचा 'लीळाचरित्र' हा ग्रंथ म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात सिद्ध केला. या पंथाचे मोठे पीठ असलेले रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात आहे, आणि चक्रधरांचा संचार ज्या मेहकर-लोणार भागात झाला तो भाग वाशीमच्या पश्चिमेला लागूनच आहे. या ग्रंथात चक्रधरांच्या तोंडी कावळा आणि साळुंकी यांची छोटी गोष्ट येते : एकाचे घर शेणाचे, दुसरीचे मेणाचे, पावसाळ्यात शेणाचे घर वाहून जाते आणि कावळा साळुंकीच्या दारात येऊन उभा राहतो. पुढे साळुंकीची जागा चिमणीने घेतली. सात शतके उलटली तरी शेण आणि मेण मात्र जागचे हलले नाहीत, कारण गोष्टीचा सारा तोल या दोन यमकी शब्दांवर आहे. वऱ्हाडच्या वैशाखात मेणाचे घर दुपारपर्यंतही उभे राहणार नाही, ही शंका गोष्ट ऐकताना कोणी काढत नाही. गोष्ट पावसाळ्याची आहे, आणि पावसाळ्यात शेणाचे काय होते हे अंगणात सडा घालणाऱ्या घरातल्या मुलाला पक्के माहीत असते.

या सुरुवातीत एक सूक्ष्म गंमत दडलेली आहे. शेणाचे घर म्हणजे घाणेरडे घर, असा अर्थ आजचा शहरी वाचक घेतो; परंतु ज्या मुलांनी ही गोष्ट ऐकली त्यांची स्वतःची घरे शेणानेच सारवलेली असत, अंगणात शेणाचाच सडा पडे आणि चूल गोवऱ्यांवर पेटे. त्यांचे घर मेणापेक्षा शेणाला कितीतरी जवळचे होते. म्हणून कावळ्याला हसताना ही मुले काही अंशी आपल्याच घराला हसत होती, आणि त्या हसण्यात तुच्छतेपेक्षा ओळखीचा भाग अधिक होता. कावळ्याची चूक घर शेणाचे बांधण्यात नव्हती. पाऊस येईपर्यंत ते पुन्हा सारवले नाही, ही ती चूक होती. दर आठ-पंधरा दिवसांनी जमीन सारवणाऱ्या आजीला हे वेगळे सांगावे लागत नसे.

चिमणी दार उघडायला लावत असलेला विलंबही पूर्णपणे देहाचाच आहे : बाळाला न्हाऊ घालणे, पुसणे, काजळ लावणे, निजवणे, अशी एकेक सबब ती सांगते आणि बाहेर कावळा भिजत राहतो. सांगणारी बाई येथे मांडीवरच्या मुलाचे अंग खरोखरच पुसून दाखवू शकते, आणि म्हणून गोष्टीचा हा भाग वाटेल तितका लांबवता येतो. खरा देहविनोद मात्र शेवटी येतो. तोंडी परंपरेतील एका प्रचलित पाठात आत घेतलेला कावळा चण्यांच्या मडक्याजवळ निजतो, रात्रभर चणे कुडूमकुडूम खातो, चिमणीने आवाजाबद्दल विचारले की सुपारी खात असल्याचे सांगतो, आणि पहाटे घरभर शिटून उडून जातो. दुसऱ्या काही पाठांत चिमणी त्याला तापलेल्या तव्याचा चटका देते आणि त्याचे बूड भाजते. पहिल्या पाठात लबाड जिंकतो आणि दुसऱ्यात हरतो, पण दोन्हीकडे निकाल कावळ्याच्या शरीराच्या मागच्या भागावरच लागतो. शेणाच्या घरापासून निघालेली गोष्ट शिटेवर येऊन थांबावी, यात रचनेचा नेटकेपणा आहे : जे शेण घर बांधण्याच्या कामाचे होते ते पावसात गेले, आणि जे कशाच्याच कामाचे नाही ते मेणाच्या चकचकीत घरात उरले. घर मेणाचे असले तरी त्यात खाणारा आला की पुढचे सारे ओघाने आलेच. छापील आवृत्त्यांत बहुधा हा शेवट गळतो. कावळा पश्चात्ताप करतो, चिमणीशी मैत्री करतो किंवा वाहून जातो. मग चणेही उरत नाहीत आणि गोष्ट शेजारधर्माचा धडा होऊन बसते.

मुलांच्या खेळांत या हसण्याला सांगणाऱ्या आजीचीही गरज लागत नसे. घोळक्यात कोणीतरी पादले की गुन्हेगार ठरवण्यासाठी 'आदा पादा' नावाची मोजणी महाराष्ट्रभर चालत आली आहे, आणि तिच्यात दामाजीच्या घोड्यावर आळ घेतला जातो. न्यायदानाची ही पद्धत मोठी समंजस आहे : आधी दोष जनावरावर टाकून सगळ्यांना हसू द्यायचे आणि मग ज्याच्यावर बोट थांबेल त्याला चिडवायचे, म्हणजे खरा अपराधी कोण हे शेवटपर्यंत सिद्ध होत नाही. पावट्याच्या निमित्ताने पादऱ्याची अब्रू वाचते, अशा अर्थाची म्हण मोठ्या माणसांनी करून ठेवली आहे. मुलांनी पावट्याच्या जागी घोडा आणला, एवढेच. पडलेले शेण माती घेऊनच उठते, ही म्हण तर सभेत, कोर्टात आणि देवळातही चालते, कारण तिच्यात शेण आहे, गू नाही.

सणांच्या दिवसांत मुलांना शेणाशी खेळण्याची उघड मुभा मिळे. होळीच्या आधी विदर्भातील मुले मधोमध भोक पाडलेल्या छोट्या गोवऱ्या, म्हणजे 'चाकोल्या', थापून वाळवत आणि त्यांच्या माळा करून होळीत टाकत. दिवाळीच्या पाडव्याला 'गायगोधना'च्या निमित्ताने शेणाची रास घालून, फुलांनी सजवून तिच्यावरून गाई नेल्या जात. श्रावणी अमावास्येच्या पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की विदर्भात 'झडत्या' सुरू होतात. झडती म्हणजे जमावासमोर म्हटले जाणारे उत्स्फूर्त, यमकबद्ध, टोमण्यांनी भरलेले पद. तिचा शेवट महादेवाच्या गजराने होतो, आणि त्यामुळे आधी जे काही म्हटले गेले ते सारे खपून जाते. सावकार, पाटील, अलीकडच्या काळात आमदार व पिकांचे भाव, हे सगळे झडतीत येतात, आणि बैल साक्षीला असल्याने गोठ्यातल्या उपमा आपोआप सुचतात. दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा हा मुलांचा असतो. त्यात लाकडी बैल ओढत नेले जातात.

छापखाना आला तेव्हा या साऱ्याची निवड करणारी नवी माणसे पुढे आली. मराठी मुलांसाठी इसापाच्या कथा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच तंजावरात सरफोजीराजांच्या आश्रयाने मराठीत उतरल्या होत्या, आणि १८२८मध्ये सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'बाळमित्र' व 'इसपनीती' ही पुस्तके मुंबईत निघाली. या पुस्तकांचा हेतू मुलाला नीती शिकवणे हा होता, हसवणे नव्हे. बेडकी बैलाइतकी मोठी होण्याच्या हव्यासाने फुगत जाऊन फुटते, ही इसापाची कथा शुद्ध देहविनोदाची आहे, पण तिच्याखाली तात्पर्य छापले की हसण्याला जागा उरत नाही. याच सुमारास, १८३१मध्ये, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला आणि त्याने लोकांच्या तोंडचे ग्राम्य शब्दही टिपून ठेवले. इतिहासातली ही मौजेची गोष्ट आहे : परक्या सरकारच्या लष्करी अधिकाऱ्याच्या कोशात पादण्याला जागा मिळाली, आणि मराठी मुलांच्या पुस्तकांत ती मिळाली नाही. १८६०च्या भारतीय दंड संहितेच्या २९२व्या कलमाने अश्लील पुस्तकांची विक्री गुन्हा ठरवली. ते कलम शेणाशिटेसाठी लिहिलेले नव्हते, पण अश्लील म्हणजे काय याचा धाक लेखक-प्रकाशकांच्या मनात बसायला तेवढे पुरेसे होते.

म्हणून शेण राहिले आणि शीट गेली. हा सरसकट लाजाळूपणा म्हणता येत नाही, कारण गाळणी ठरावीक आहे. जे शेतीला, चुलीला व पूजेला लागते ते छापले गेले. जे फक्त हसायला लागते ते गाळले गेले. घरात मात्र हे दोन्ही शब्द एकाच मायेने वावरत राहिले. मुलाचे किंवा म्हाताऱ्याचे 'गू-मूत काढणे' हा मराठीत सेवेचा सर्वांत आदराचा वाक्प्रचार आहे, आणि 'शी' हा एकच उद्गार किळस व्यक्त करतो आणि तान्ह्या मुलाला काय लागली आहे तेही सांगतो. सरकारी भाषेलाही पुढे हा संकोच सोडावा लागला. वऱ्हाडच्याच गाडगेबाबांच्या नावाने २०००-०१मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, 'हागणदारीमुक्त गाव' हे शब्द गावोगावच्या कमानींवर आणि शासन निर्णयांत झळकले, आणि जो धातू पाठ्यपुस्तकाने दीड शतक टाळला तो कलेक्टर कचेरीच्या पत्रांत शिक्क्यासह येऊ लागला. हातात खराटा घेऊन गाव झाडणाऱ्या आणि कीर्तनात लोकांना वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारून हसवणाऱ्या गाडगेबाबांना यात काही वावगे वाटले नसते.

जगाच्या इतर भागांत हा विनोद छापील बालसाहित्यात उशिरा पण थाटाने परतला. जपानमध्ये तारो गोमी यांचे, सगळेच प्राणी शी करतात एवढेच सांगणारे चित्रपुस्तक १९७७मध्ये आले. जर्मनीत १९८९मध्ये वेर्नर होल्त्स्वार्थ यांनी लिहिलेले आणि वोल्फ एर्लब्रुख यांनी चितारलेले, डोक्यावर विष्ठा पडलेल्या एका चिचुंदरीसारख्या बिळवासी प्राण्याचे पुस्तक निघाले. तो कबुतर, घोडा, ससा, बकरी, गाय, डुक्कर यांच्याकडे जाऊन प्रत्येकाला विचारतो आणि प्रत्येक जण आपली विष्ठा दाखवून निर्दोषत्व सिद्ध करतो. या पुस्तकाला चित्रांतून जे भेद दाखवावे लागले ते मराठीत नामांतच तयार आहेत. मराठीतल्या घोड्याने लीद, बकरीने लेंड्या, गाईने शेण आणि कबुतराने शीट म्हटले असते, तर त्या प्राण्याची चौकशी पहिल्या पानावरच संपली असती.

वाशीम जिल्ह्यात गेल्या काही दशकांत सोयाबीन वाढले, नांगरटीला ट्रॅक्टर आले, घरांना सिमेंटच्या फरश्या बसल्या आणि सारवण्याचे काम अनेक घरांतून संपले. ज्या गावांत आखरावर जनावरेच थोडी उरली आहेत तेथे चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगताना शेणाचे घर म्हणजे काय, हे मुलाला आता समजावून द्यावे लागते, आणि मेण मात्र वाढदिवसाच्या मेणबत्तीमुळे त्याच्या ओळखीचे झालेले असते. तान्ह्या पोळ्याला चाकांचा लाकडी नंदी दोरीने ओढत पोट्टी घरोघर जातात, अंगणात त्याची पूजा होते, मुलांच्या हातावर बोजारा म्हणून पैसे किंवा खाऊ पडतो. नंदी निघून गेल्यावर अंगण होते तसेच असते, मागे झाडण्यासारखे काही राहत नाही.